प्रौढ दिव्यांग मुलाच्या औषधोपचाराचा खर्च: कोणते बिल कुणाकडे न्यायचे

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून त्याचे औषधपाणी कमी होत नाही. कमी होतो तो आधार. विशेष शाळेतली थेरपी संपते. बालरोगतज्ज्ञ मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. कंपनीच्या मेडिक्लेममधून बहुधा पंचविसाव्या वर्षी नाव गळते. आई-वडिलांची सही कायद्याने आपोआप चालेनाशी होते.

यातली खरी मेख अशी की या घरांचा मोठा खर्च रुग्णालयात दाखल होण्याचा नसतोच. तो असतो रोजच्या गोळ्या, थेरपी, दात, डायपर, तपासण्या आणि येण्याजाण्याचा. साधा मेडिक्लेम मात्र फक्त दाखल झाल्यावर पैसे देतो. म्हणून 'एक चांगली पॉलिसी सांगा' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. प्रत्येक खर्चाचे दार वेगळे आहे आणि ते आधीच माहीत असावे लागते.

सुरुवात वहीपासून

मागच्या बारा महिन्यांच्या पावत्या काढा आणि त्यांचे चार ढीग करा. पहिला, दर महिन्याचा ठरलेला खर्च: फिट्सच्या गोळ्या, थायरॉईडची गोळी, डायपर. दुसरा, थेरपी. तिसरा, वर्षातून एकदोनदा येणारा: रक्ततपासण्या, दात, चष्मा, कॅलिपर-स्प्लिंट. चौथा, अचानक आलेला: न्यूमोनिया, फिट न थांबणे, हाड मोडणे. पहिल्या तीन ढिगांसाठी 'निरामय' ही दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, सरकारी व्यवस्था आणि आयकरातील सवलत. चौथ्यासाठी मेडिक्लेम किंवा जनआरोग्य योजना. बिल चुकीच्या दारी गेले की नामंजूर होते, आणि तोवर बरोबर दाराची मुदतही टळलेली असते.

कागद: यूडीआयडी आणि टक्केवारी

पुढचे सगळे यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, उभे आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी जिल्हा रुग्णालयातील किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयातील वैद्यकीय मंडळासमोर होते. लहानपणी मिळालेले प्रमाणपत्र बरेचदा तात्पुरते असते आणि त्याची मुदत केव्हा संपली हे घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. आजच काढून तारीख बघा. प्रौढ व्यक्तीसाठी कायमस्वरूपी प्रमाणपत्र मागा.

टक्केवारीकडे बारकाईने बघायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे बहुतेक सवलतींची अट ४० टक्के आहे, पण आयकरात ८० टक्क्यांना दुसरी पायरी आहे. बौद्धिक दिव्यांगतेत सौम्य प्रकाराला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के धरतात. म्हणजे 'मध्यम' गट ८० च्या अगदी अलीकडे अडकतो. अशा वेळी दुसरी दिव्यांगता असेल, म्हणजे हातापायांचा ताठरपणा किंवा ऐकण्यातला दोष, तर तिचीही तपासणी त्याच फेरीत करून घ्या. मंडळ दोन्हींची नुसती बेरीज करत नाही. मोठा आकडा अ आणि लहान आकडा ब धरला, तर अ + ब × (९० − अ) ÷ ९० असे सूत्र लावते. ७५ आणि ४० टक्क्यांचे एकत्रित ८१.६७ होतात. दुसरी दिव्यांगता खरोखर असूनही 'एवढे कशाला' म्हणून नोंदवली नाही, तर दरवर्षी नुकसान होते.

मंडळाकडे जाताना जुनी फाईल, बुद्धिमापनाचा आणि सामाजिक वर्तनचाचणीचा अहवाल, फिट्सचा इतिहास, आधार आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. आधार, यूडीआयडी आणि बँकेचे पासबुक या तिन्हीवर नावाचे स्पेलिंग अक्षरशः एकच असले पाहिजे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावरून परताव्याची रक्कम अडकते.

सहीचा प्रश्न

अठरा वर्षांनंतर भूल देण्याच्या संमतीपत्रावर, बँकेत किंवा विमा दाव्यावर 'आम्ही आई-वडील' हे पुरत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चारही गटांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ च्या कलम १४ खाली कायदेशीर पालकत्व मिळते. कोर्टात जावे लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे फॉर्म ए मध्ये अर्ज करायचा आणि नेमणुकीचा आदेश फॉर्म बी मध्ये मिळतो. त्यानंतरची जबाबदारी बरेच पालक विसरतात: नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, हिशेब द्यायचा. मुलाच्या नावावर फक्त एक बचत खाते असले तरी दोन ओळींचा हिशेब देत राहा.

ज्यांना आधार दिल्यावर निर्णय समजतात आणि घेता येतात, त्यांच्यासाठी पालकत्वाची घाई करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाचा, म्हणजे त्या व्यक्तीशी बोलून ठरावीक निर्णयापुरत्या पालकत्वाचा, मार्ग आहे. कोणत्याही मार्गाने गेलात तरी, डॉक्टर काय करणार आहेत हे त्या व्यक्तीला तिच्या भाषेत सांगणे हा तिचा हक्क आहे.

निरामय: याच खर्चासाठी केलेली एकमेव योजना

राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना याच चार गटांसाठी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनचे आजार वगळलेले नाहीत. ओपीडी, औषधे, तपासण्या, दात, थेरपी आणि प्रवासखर्चसुद्धा यात बसतो. नोंदणीचे शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० आणि इतरांना ५०० रुपये, तर नूतनीकरणाचे अनुक्रमे ५० आणि २५० रुपये असे ठेवलेले आहे. एवढ्या पैशांत बाजारात दुसरे काहीही मिळत नाही, तरीही कितीतरी घरांनी हे कार्ड काढलेले नसते किंवा काढून एकदाही दावा केलेला नसतो.

नोंदणी न्यासाच्या पोर्टलवर किंवा जवळच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत होते. पॉलिसीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते, त्यामुळे नूतनीकरणाचे काम फेब्रुवारीतच उरका.

एक लाख हा एकूण आकडा आहे आणि त्याच्या आत प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र मर्यादा आहे. ओपीडीची मर्यादा संपली तर थेरपीची शिल्लक तिकडे वळत नाही. म्हणून कार्ड आल्याबरोबर त्या वर्षीचा मर्यादांचा तक्ता छापून वहीत चिकटवा आणि प्रत्येक दाव्यानंतर शिल्लक लिहा. दातांची किंवा नियमित तपासणीची रक्कम न वापरता मार्च उजाडतो, हे सगळ्यात जास्त घडणारे नुकसान आहे.

निरामयमध्ये उपचार कुठेही घेता येतात, पण पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मिळवायचे. दाव्याची फाईल अशी लावा:

१. भरलेला दावा फॉर्म आणि निरामय कार्डाची प्रत.
२. डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, तारीख, निदान आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा.
३. मूळ बिले आणि पैसे भरल्याच्या पावत्या. औषधांच्या बिलावर बॅच नंबर आणि रुग्णाचे नाव पाहिजे. 'कॅश' असे लिहिलेले बिल टिकत नाही.
४. तपासणी केली असेल तर तिचा अहवाल. दाखल असेल तर डिस्चार्ज कार्ड.
५. खाते क्रमांक स्पष्ट दिसणारी पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक.

मूळ कागद पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. बिले वर्षभर साठवून मार्चमध्ये एकदम पाठवू नका. दाव्याला मुदत असते, आणि उपचारानंतर तीस दिवसांच्या आत फाईल गेली पाहिजे असा घरचा नियम करा.

थेरपीचे दावे सर्वांत जास्त नाकारले जातात, कारण चिठ्ठी आणि बिल जुळत नाही. आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या: कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, किती महिने. मग थेरपिस्टकडून तारीखवार बैठकांचा तक्ता, प्रत्येक बैठकीचा दर, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्या. वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. क्रमांक कुठला हवा हे माहीत नसले की चुकीचा कागद मागितला जातो आणि महिना वाया जातो.

दाखल होण्याचा खर्च

नोकरीतून मिळणाऱ्या संरक्षणापासून सुरुवात करा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात, कमावत्या व्यक्तीवर पूर्णपणे अवलंबून असलेले दिव्यांग अपत्य त्याची असमर्थता असेपर्यंत अवलंबित मानले जाते. वय आड येत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस आणि माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांमध्येही कायम दिव्यांग अवलंबित अपत्याला वयोमर्यादा नाही. तरीही पंचविसाव्या वर्षी संगणक नाव गाळतो, म्हणून वाढदिवसाच्या तीन महिने आधीच प्रमाणपत्रासह अर्ज देऊन पोच घ्या. खासगी कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत हे कलम असतेच असे नाही. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. नसेल तर पुढच्या नूतनीकरणात घालून घेण्याची विनंती करा, एका अपत्यासाठी कंपनीवर फार बोजा पडत नाही. तेही झाले नाही तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा, म्हणजे भोगून झालेला प्रतीक्षाकाळ (आधीच्या आजारांवर दावा मिळण्यापूर्वी थांबावा लागणारा काळ) वाया जात नाही. दुसऱ्या कंपनीत जायचे असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो.

नवी खासगी पॉलिसी घेताना दिव्यांगता, फिट्स, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या प्रस्तावपत्रात लिहा. एजंट 'नका लिहू, पॉलिसी अडेल' म्हणाला तर त्याचे ऐकू नका. लपवलेली गोष्ट नेमकी मोठ्या दाव्याच्या वेळी बाहेर येते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिव्यांगांसाठी आरोग्य विमा उपलब्ध करण्याबाबत निर्देश दिले. त्यानंतर २०२३ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना दिव्यांग व्यक्तींसाठी पॉलिसी ठेवणे बंधनकारक केले. २०२४ पासून आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, आणि सलग पाच वर्षे झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती दडवली' म्हणून दावा नाकारता येत नाही.

हप्त्याच्या रकमेपेक्षा खोलीभाड्याची अट आधी वाचा. ज्या व्यक्तीला अनोळखी आवाज, दिवे, सहा खाटांचा वॉर्ड सहन होत नाही, तिला स्वतंत्र खोली घ्यावीच लागते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४,००० आणि तुम्ही घेतली ८,००० ची खोली, तर फक्त भाड्याचा फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जाऊ शकतात. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, थोडी महाग पॉलिसी या घरांना स्वस्त पडते. डायपर, हातमोजे, राखणीच्या माणसाची फी वगळलेलीच असते.

मानसिक आरोग्य अधिनियम २०१७ मुळे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्यावे लागते. पण त्या कायद्याने बौद्धिक दिव्यांगतेला मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. त्यामुळे नैराश्य, सायकोसिस असे वेगळे निदान असेल तर डॉक्टरांनी ते डिस्चार्ज कार्डावर स्वतंत्र लिहायला हवे. नुसते 'वर्तनसमस्या' लिहिले तर दावा अडकतो.

नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटत नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार संलग्न रुग्णालयात मिळतात. रेशनकार्डावर मुलाचे नाव असणे महत्त्वाचे. घर वेगळे झाले म्हणून ते कमी करू नका. रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला, गाठा. मंजुरी घेऊनच उपचार होतात, आपण पैसे भरून नंतर परतावा मागता येत नाही. ओपीडीच्या गोळ्या यात नाहीत.

आणखी एक दार फार कमी लोक ठोठावतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ एए नुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. अनेक मोठी, चकचकीत रुग्णालये धर्मादाय आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा आणि दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज द्या. बिल झाल्यावर मागितलेली सवलत क्वचितच मिळते.

दात, गोळ्या आणि वर्षातली एक तपासणी

दातांचा खर्च मेडिक्लेम अपघाताशिवाय बहुधा देत नाही. तोंडात हात घालू न देणाऱ्या व्यक्तीला पूर्ण भूल द्यावी लागते आणि तिथे बिल एकदम वाढते. भूल द्यायचीच असेल तर एकाच बैठकीत सगळे उरका: दात काढणे-भरणे, कानातला मळ, डोळ्यांची तपासणी, वर्षाचे रक्त. यासाठी दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची आधी गाठ घालून द्यावी लागते, ते आपोआप घडत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी येतो. प्रतीक्षायादी असते, म्हणून दुखण्याची वाट न पाहता नाव नोंदवा.

गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र जरूर वापरा, पण फिट्सच्या गोळ्या दुकानात परस्पर बदलू नका. ब्रँड बदलला की रक्तातील पातळी थोडी हलू शकते आणि एका फिटमुळे झालेला दाखल होण्याचा खर्च वर्षभराची बचत खाऊन टाकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून बदला आणि मग त्याच कंपनीची गोळी कायम ठेवा.

पैसे आणि यातना दोन्ही वाचवणारी गोष्ट म्हणजे वार्षिक तपासणी. डाऊन सिंड्रोममध्ये दरवर्षी थायरॉईड, आणि चाळिशीनंतर स्मरणशक्तीतील बदलांकडे लक्ष. फिट्सची व्हॅलप्रोएट ही गोळी चालू असेल तर यकृत आणि प्लेटलेट्स. रिस्पेरिडोनसारखी मनोविकाराची गोळी असेल तर वजन, साखर, कोलेस्टेरॉल. वर्षानुवर्षे फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्यांत व्हिटॅमिन डी आणि हाडे. सेरेब्रल पाल्सीत गिळताना ठसका लागतो का, पाठीचा कणा, कंबरेचा सांधा.

बोलू न शकणारी व्यक्ती अचानक स्वतःला मारू लागली, जेवेनाशी झाली, रात्रभर जागी राहू लागली, तर मनोविकाराची नवी गोळी सुरू करण्याआधी दाढ, कान, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, लघवीचा संसर्ग आणि मुलींमध्ये पाळीचे दुखणे तपासून घ्या. दुखणे शब्दांत सांगता येत नाही, तेव्हा ते वागण्यातून बाहेर पडते. नको असलेली एक गोळी सुरू झाली की तिच्या दुष्परिणामांवर दुसरी येते, आणि हा खर्च आयुष्यभर मागे लागतो.

आयकर

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० डीडी प्रमाणे अवलंबित दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपये, आणि ८० टक्के किंवा जास्त असल्यास १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी रकमेचा संबंध नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह अनुक्रमे २३,४०० आणि ३९,००० रुपये वाचतात. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा विवरणपत्र भरताना वजावटीचे नाव बघा, क्रमांक नव्हे. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे, म्हणून दोन्ही प्रणालींत हिशेब करून मगच निवडा. मुलाच्या नावावर व्याज किंवा भाडे येते म्हणून त्याने स्वतः ८० यू ची वजावट घेतली, तर आई-वडिलांना ८० डीडी मिळत नाही; कुणाचा कर जास्त वाचतो ते ताडून पाहा.

येण्याजाण्याचा आणि साधनांचा खर्च

एसटीत दिव्यांगांना आणि रेल्वेत सोबत्यासह बौद्धिक दिव्यांग प्रवाशाला भाड्यात सवलत आहे. व्हीलचेअर, कॅलिपर यांसाठी केंद्राची एडिप योजना. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. अर्ज आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्या, शेवटी निधी उरत नाही.

आई-वडिलांच्या पश्चात

सरकारी पेन्शनधारकांनी दिव्यांग अपत्याचे नाव हयातीतच कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नोंदवावे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ते पेन्शन आदेशातच घालून घेता येते. मागे राहिलेल्या भावाबहिणीला मृत्यूनंतर हे सिद्ध करत बसणे फार जड जाते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले की त्याच आधारावर सीजीएचएस कार्डही चालू ठेवता येते. खासगी नोकरीतील ईपीएस १९९५ (कर्मचारी पेन्शन योजना) मध्येही पूर्ण आणि कायम दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन आहे. कायदेशीर पालक वारला तर नवा पालक आपोआप नेमला जात नाही, म्हणून पुढच्या व्यक्तीची लेखी संमती, निरामय कार्ड, गोळ्यांची यादी आणि मर्यादांचा तक्ता एकाच फाईलमध्ये ठेवून ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.